गिरणीची रिकामी जागा

हायड्रुन केसेलरिंगचा एक हट्ट साऱ्या गावाला पाठ होता. जो खेळ आपण हरलो नाही, त्यावर ती लिहीत नसे. गावच्या साप्ताहिकात पटावरच्या खेळांची परीक्षणं ती कित्येक वर्षं लिहीत होती, अगदी बस चालवायची तेव्हापासून. "जिंकणाऱ्याला सगळेच खेळ गोड लागतात," ती म्हणे, "खेळ कसा आहे ते हरलेल्याला विचारा." एकदा सख्ख्या भाच्याने केलेल्या खेळावर तिने 'खोका छान आहे' एवढंच लिहिलं. भाचा त्या नाताळला जेवायला आला नाही. हायड्रुनने त्याच्या वाट्याचं बदक शेजारणीकडे पाठवून दिलं आणि विषय संपवला.

अशी ही बाई यंदा अडली ती ओटमारपाशी.

ओटमार सुतार. रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात हायड्रुन आणि तिच्या सोबत्यांचं खेळाचं टेबल मांडलं जाई, तिथला जुना गडी. त्याची बायको रोस्वीटा, म्हणजे त्याची रोसी, मागच्या हिवाळ्यात गेली. जाण्याआधी दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर एक खेळ रचला होता, 'गिरणीचं खोरं'. पटावर गिरणी, पावाची भट्टी, विहीर आणि बाजार. प्रत्येकाकडे ओटमारने स्वतः कोरलेले लाकडी गडी. पाळीपाळीने एकेक गडी एकेका जागी कामाला लावायचा, आणि एका जागी एकच गडी मावणार. जागा आधीच कुणी धरली असेल, तर आपल्याकडची पावाची एक सोंगटी मोजून त्याला हुसकावता येतं. हुसकावलेला बिचारा रिकाम्या हाताने घरी. पीठ मिळतं फक्त गिरणीत, आणि हिवाळ्याची फेरी आली की सगळ्या गड्यांना खाऊ घालावं लागतं. म्हणजे गिरणीवर मारामारी ठरलेलीच. शेजारच्या शहरातला एक छोटा प्रकाशक ओटमारला म्हणाला होता, "केसेलरिंगबाईंनी चांगलं लिहिलं तर छापतो."

पहिल्या रविवारी चौघं खेळायला बसली. हायड्रुन, ओटमार, औषधांच्या दुकानातला गेर्नोट आणि विल्ट्रुड. विल्ट्रुडने नेहमीप्रमाणे परातभर आलुबुखाराचा केक आणला होता.

"गिरणीत तूच जा रे ओटमार," गेर्नोट म्हणाला, "मी आपला विहिरीवर बरा."

"आणि मी बाजारात जाते," विल्ट्रुड म्हणाली. "तेवढंच चालणं होईल."

डाव संपला तेव्हा चौघांचे गुण जवळजवळ सारखे होते. विल्ट्रुडने टाळ्या वाजवल्या. "किती छान! कुणीच हरलं नाही!"

हायड्रुनला तो डाव कालच्या सूपसारखा लागला. याच टेबलावर एका लाकडी मेंढीवरून गेर्नोट आणि विल्ट्रुडने अख्खा उन्हाळा एकमेकांशी अबोला धरला होता, हे ती विसरली नव्हती. तीच माणसं आज पाहुण्यांसारखी वागत होती.

दुसऱ्या रविवारी तिने पुन्हा पट मांडायला लावला. पुन्हा तेच. गिरणी रिकामी राही, सगळे वळसा घालून दुसरीकडे जात आणि ओटमारची पाळी यायची वाट बघत. ओटमार आपला गडी तिथे ठेवी आणि मान खाली घालून पीठ उचली.

"मी म्हणतो, हुसकावण्याचा नियमच काढून टाकतो," पट आवरताना तो हळूच म्हणाला. "कुणी वापरतच नाही. चुकलंच असेल माझं काहीतरी."

"घाई करू नकोस," हायड्रुन म्हणाली. "मी अजून हरले नाहीये."

पण घरी आल्यावर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. साप्ताहिकाला परीक्षण याच आठवड्यात हवं होतं. 'खेळ मिळमिळीत आहे' असं लिहावं, तर ओटमारचा खेळ तिथेच संपला. 'उत्तम आहे' म्हणावं, तर इतकी वर्षं जपलेली लेखणी चुलीत घालावी. तिने फोन करून सगळ्यांना रविवार यायच्या आधीच सभागृहात बोलावलं. "विल्ट्रुड, केक आण," एवढंच बजावलं.

तिसरा डाव सुरू झाला. केक संपत आला आणि परातीत शेवटचा तुकडा उरला. त्याला त्या मुलखात लाजेचा तुकडा म्हणतात. तो कुणी घ्यायचा नसतो. सगळे त्याच्याकडे बघतात, सगळ्यांना तो हवा असतो, आणि संध्याकाळी तो वाळून जातो. हायड्रुनने तुकड्याकडे पाहिलं, मग पटाकडे पाहिलं. गिरणी रिकामी होती, आणि तिघं ओटमारकडे बघत होती. तिला स्वतःचाच राग आला, कारण त्या तिघांत ती स्वतःही होती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तिघांनी मिळून या माणसाचा चांगला खेळ भिकेला लावला होता.

ओटमारने गिरणीत गडी ठेवला. हायड्रुनने एक पाव त्याच्यापुढे आपटला, त्याचा गडी उचलून त्याच्या हातात दिला आणि आपला गिरणीत ठेवला.

"चल, घरी जा."

"हायड्रुन!" विल्ट्रुड ओरडली. "अगं, माणसाचं काय झालंय, तू करतेयस काय!"

"खेळतेय. तुम्ही दोघं समाचाराला आलाय का?"

"जरा तरी मन राख गं त्याचं," गेर्नोट पुटपुटला.

"त्याची बायको गेलीय, गेर्नोट. अक्कल नाही गेली."

शब्द तोंडातून गेला आणि ती स्वतःच चरकली. ओटमार हातातल्या लाकडी गड्याकडे बघत बसला होता. अंगठ्याने त्याचं डोकं घासत होता.

"हा नियम रोसीचा आहे," तो शेवटी म्हणाला. "मी जागा धरली की ती माझा गडी उचलून अशीच हातात द्यायची. 'चल, घरी जा' म्हणायची. ती गेल्यापासून मला कुणी हुसकावलंच नाही."

विल्ट्रुडने नाक पुसलं. मग ओटमारने आपल्या ढिगातून एक पाव उचलला, हायड्रुनपुढे ठेवला आणि तिचा गडी गिरणीबाहेर काढला.

"आता तू जा घरी."

त्यानंतर जे जुंपलं ते जुंपलं. गेर्नोटने विल्ट्रुडची भट्टी हिसकावली, विल्ट्रुडने त्याला "हलकट औषधवाला" म्हटलं आणि विहीर अडवून बसली. ओटमार तर सुटलाच होता. हायड्रुन गिरणीत गेली की तो पाव घेऊन तयारच. हिवाळ्याची फेरी आली तेव्हा हायड्रुनकडे मूठभर पीठ नव्हतं. तिचे सगळे गडी उपाशी मेले.

"हरले," ती म्हणाली. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मग लिहिशील?" ओटमारने विचारलं.

"लिहीन. मित्र गमवायची तयारी असेल तरच विकत घ्या, असं लिहीन. आणि शेवटची फेरी रेंगाळते, तेही लिहीन. त्यातून सुटका नाही तुझी."

"लिही. रोसीपण हेच म्हणायची. मी ऐकलं नाही तिचं."

एवढं बोलून त्याने हात लांब केला, परातीतला शेवटचा तुकडा उचलला आणि कुणालाही न विचारता अख्खा तोंडात घातला. विल्ट्रुड त्याच्याकडे बघतच राहिली.

"रविवारी जास्त आण," भरल्या तोंडाने तो तिला म्हणाला. "मी भांडायला येणार आहे."