गुलबक्षीचे गड्डे

भर वैशाखात आमचे हे गच्चीवर गुलबक्षीचं बी टाकायला बसले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाय. टँकरपुढं हंडे घेऊन मी उभं राहायचं, आन् यांचं आपलं मातीला पाणी पाजणं चालू.

"अहो, उन्हाळ्यात कुणी बी टाकतं का? पाऊस तरी पडू द्या."

हे शांतपणे माती चाळत होते. म्हणले, "आत्ता उगवलं तर पावसात मूळ धरतं. पहिल्या साली ती खाली गड्डा करती. थंडीत वरचं वाळतं, पण एकदा गड्डा बसला की दर साली आपोआप फुटती. मग तुझ्या पाण्याला धक्काबी लागायचा नाय."

ते बी बजाजनगरचं होतं. लग्नानंतर आम्ही तिथं एका खोलीत भाड्यानं राहिलो. दाराशी गुलबक्षी होती. हे पहिल्या पाळीवरून आले की संध्याकाळी फुलं उघडायच्या वेळेला आम्ही दोघं पायरीवर चहा घ्यायचो. रिटायर झाल्यावर हे मुद्दाम तिकडं गेले आन् मिऱ्यासारखं काळं बी खिशात भरून घेऊन आले. मला बरं वाटलं, पण मी तसं बोलले नाय. भांडी विसळलेलं पाणी तेवढं गुपचूप वर नेऊन ठेवायला लागले.

पावसाळ्यात चार-दोन फुलं आली. मी चिडवलं, "एवढ्यासाठी एवढं रामायण?" म्हणले, "पुढल्या साली बघ." थंडीत झाडं वाळली, नुसत्या काड्या राहिल्या. "उपटू नको बरं का," त्यांनी बजावलं, "झोपली ती." पौषात एका दुपारी हे चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाय.

तेराव्याच्या पंगती गच्चीवर बसणार होत्या. आमच्यात नवऱ्यामागं बाईनं तेरा दिवस आतल्या खोलीतून हलायचं नसतं. भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या, आन् वर कुंड्या सरकल्याचा आवाज आला. मी उठायला गेले तर थोरल्या नणंदेनं हात धरून बसवलं. "कुठं निघालीस? बस खाली. पोरं बघतील सगळं." मला वाटलं, कुंड्या कोपऱ्यात सारत असतील. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

पाहुणे पांगल्यावर मी वर गेले. गच्ची धुऊन लख्ख केलेली, कुंड्या घासून पालथ्या घातलेल्या. मागोमाग लेक आला. मोठ्या मायेनं म्हणला, "वाळकी झाडं सगळी काढून टाकली, आई. माती पलीकडच्या प्लॉटवर ओतली. आता तुला संध्याकाळी वर बसायला जागा झाली."

"वाळली नव्हती रं ती," माझ्या तोंडून निघून गेलं. "खाली जित्ती होती. तुझ्या बापानं लावली होती माझ्यासाठी."

त्याचं तोंड एवढंसं झालं. चप्पल न घालताच तो खाली पळाला. प्लॉटवरची माती केव्हाच डुकरांनी विस्कटली होती, वर रोजचं ऊन. दिवेलागणीला तो आला, तेव्हा हातात एकच गड्डा होता. काळा पडलेला, फावड्यानं मधोमध चिरलेला. मी दाबून बघितला. आत नुसता भुसा.

"हाच ना, आई?"

"व्हय," मी म्हणलं, "हाच."

त्यानं तो स्वतःच्या हातानं कुंडीत लावला. आता रोज ड्युटीला जायच्या आधी तांब्या घेऊन वर जातो, पाणी घालतो. "फुटंल ना?" म्हणून विचारतो. मी म्हणते, "उन्हाळा सरू दे." खरं सांगायची माझी छाती होत नाय. माझं जे गेलं ते गेलं, पण हे त्याच्या माथी कशाला मारू?

परवा धुणं वाळत घालायला वर गेले, तर हा कुंडीपाशी उकिडवा बसून हुंदके देत होता. मंडप, आचारी, पाहुणे यांच्या मागं तेरा दिवस नुसता पळत होता पोरगा, डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मी ओल्या धुण्याची बादली घेऊन तशीच पायऱ्या उतरले.