मानाजीराव मास्तरांचे इराणी डोंगर

धारच्या शाळेत मानाजीराव जगदाळे मास्तर इतिहास शिकवत. तसे ते सगळेच देश शिकवत, पण इराणवर आले की त्यांना घंटा ऐकू येत नसे. खडू आडवा धरून ते फळ्यावर एक जाड पट्टा ओढत, तो झाग्रोस डोंगर. वर कॅस्पियन समुद्राच्या पोटाशी दुसरा, तो एल्बुर्झ. मग खाली सपाटीवर असिरियाच्या राजधानीचा, निनेव्हेचा, ठिपका देत. "धान्य इथं, वाडे इथं, फौजा इथं," ते म्हणत, "आणि राज्य कुणी नेलं? ह्या वरच्या मेंढपाळांनी."

ह्या विषयावर ते अकरा वर्षे एक ग्रंथ लिहीत होते. सपाटीवरचे राजे दरसाल डोंगरात शिरून गुरे आणि घोडी लुटून नेत. पण खिंडी इतक्या चिंचोळ्या की डोंगरातला माणूस पुरता कधी संपला नाही. उलट त्या मारानेच विखुरलेल्या टोळ्या एक झाल्या. वरच्या कुरणांत घोडा चांगला पोसला जाई, बर्फाचे पाणी उन्हाळाभर पुरे. आधी मीड लोक उठले, मग त्यांच्याहून रखरखीत मुलखातले फार्सचे लोक, आणि त्यांचा राजा सायरस खाली उतरला तेव्हा त्याला अडवणारे कुणी राहिले नव्हते. प्रकरण पुरे झाले की मास्तर ते पत्नीला वाचून दाखवत. उमाबाई गहू निवडता निवडता ऐकत आणि शेवटी विचारत, "जेवायला वाढू का?"

एवढ्यावर मास्तर थांबते तर कुणाचे काही बिघडले नसते. पण त्यांनी तोच गज स्वतःच्या घराला लावला. जगदाळे मूळचे मावळातले. मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, जमिनी मिळाल्या, आणि तिसऱ्या पिढीपासून लेखणीला लागले. "ह्या काळ्या मातीनं आपल्याला बसवलं," असे ते चारचौघांत बोलून दाखवत. आणि बोलताना नजर जाई ती मालोजीकडे.

मालोजी त्यांचा एकुलता एक मुलगा. वय वीस, अंगाने काटकुळा, लहानपणापासून छातीत घरघर. अक्षर मात्र सुरेख, म्हणून दफ्तरात नकलनवीस लागला होता. सकाळी जावे, संध्याकाळी घरी यावे, आईच्या हातचे खावे, ह्यात तो सुखी होता. मास्तरांना नेमके तेच खुपे.

मांडवाच्या घाटाखाली जंगलनाक्यावर कारकुनाची जागा रिकामी झाली. ती कुणी घेत नव्हते. तिथले पाणी लागते हे धारमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मास्तरांनी स्वतः जाऊन मुलासाठी अर्ज केला. शेजारचे भैयासाहेब कळवळून म्हणाले, "मानाजीराव, लड़के की तबीयत तो देखो. त्याला तिथं सोसायचं नाही." मास्तर म्हणाले, "सोसून सोसूनच माणूस घडतो. इराणात काय झालं ते मी तुम्हाला सांगू?" भैयासाहेबांनी ते पूर्वी ऐकले होते. ते उठून गेले.

मालोजी नाही म्हणाला नाही. त्याला वडिलांची निराशा फार लवकर दिसायला लागली होती, आणि ती एकदा तरी पुसावी असे त्याला मनापासून वाटे. उमाबाई चुलीपाशी बसून रडल्या. मास्तरांना वाईट वाटले, पण ते शहाणपणाचे वाईट वाटणे होते. त्याने मत बदलत नाही.

आषाढात तो गेला. पत्रे येत. "प्रकृती उत्तम आहे. रोज दोन कोस चालतो. आबांनी काळजी करू नये." मास्तर ती शाळेत वाचून दाखवत. भाद्रपदाच्या अखेरीस एक पत्र आले, त्यात खाली बारीक अक्षरात आईसाठी ओळ होती: जाड गोधडी पाठव, थंडी फार वाजते.

उमाबाईंनी हातातले काम टाकले. "अहो, घाटाखाली ह्या दिवसांत अंगाची काहिली होते म्हणतात. त्याला थंडी कसली वाजते? गाडी पाठवा. त्याला घेऊन या."

"डोंगर आहे तो. गारठा असायचाच," मास्तर म्हणाले. फळ्यावरचे डोंगर ते वर्षानुवर्षे चढत होते. मांडवाच्या घाटाखाली ते जन्मात उतरले नव्हते. "आता कुठं त्याचं अंग रुळतंय. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की मी स्वतः जातो." दसऱ्याआधी बाहेर पडायचे नाही हा त्या घराचा जुना शिरस्ता. फौजेतल्या पूर्वजांचा हा शिरस्ता मास्तर आपल्या मुलासाठी पाळत बसले. गोधडी मात्र दुसऱ्याच दिवशी पाठवली.

नवरात्राच्या पाचव्या माळेला नाक्यावरचा गाडीवान दारात उभा राहिला. मुंडासे हातात घेऊन तो खाली बघत मालोजीच्या तापाचे सांगू लागला, "पंधरा दन से ताव थो, मास्टरसाब. मने कयो धार चलो, पण बाबू नी मान्या. बोल्या, आबा के दुख होयगा."

मास्तर पोचले तेव्हा नाक्यावरच्या लोकांनी सारे उरकले होते. तिथे डास होते, साचलेले हिरवे पाणी होते आणि दुपारचा असा उकाडा होता की मास्तरांचा अंगरखा पाठीला चिकटला. ते त्या उकाड्यात उभे राहिले आणि त्यांना कळले की आपण मुलाला मारले. हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावे लागले नाही, आणि पुढे कुणी कितीही समजावले तरी ते त्यांच्या मनातून गेलेही नाही.

वर्ष उलटले. एका संध्याकाळी, दुसरे काही सुचेना म्हणून, मास्तरांनी ग्रंथाचे शेवटचे प्रकरण काढले आणि वाचायला बसले. उमाबाई गहू निवडत होत्या. सायरस खाली उतरला, निनेव्हेचा मुलूख, बाबिलोन, सगळे झाले. ह्या खेपेस उमाबाईंनी जेवायचे विचारले नाही.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "डोंगरातून जे उतरले ते राजे झाले. जे वरच मेले, त्यांचं तुमच्या ग्रंथात कुठं आलंय?"

मास्तरांनी पाने मागे चाळली. मग पुढे चाळली. "त्यांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

"मग डोंगरानं माणसं घडवली हे कुणी मोजलं?"

उमाबाईंचा आवाज चढला नव्हता. अकरा वर्षांची ती पाने मास्तरांनी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली.

शाळा सोडणे मात्र त्यांना परवडण्यासारखे नव्हते. त्यानंतर चौदा वर्षे त्यांनी इराण शिकवला, घंटेच्या आत. वार्षिक परीक्षेत तो प्रश्न ठरलेला असे: इराणी साम्राज्याच्या उदयाची कारणे लिहा. मुले एकजात लिहीत की डोंगराळ मुलखात राहिल्याने माणसे काटक व शूर होतात. मास्तर प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत वाचत आणि त्याला पुरे गुण देत.