शंभराच्या पुढचा घाट

सिस्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. चौतीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्याच्या पुरुषांच्या वॉर्डात काढली. त्यातली निम्मी तरी पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तापाच्या तक्त्यांवर ठिपके देण्यात गेली असतील. पारा शंभरावर गेला की त्यांच्या खिशातून लाल पेन बाहेर यायचं. नव्या मुलींना त्या बजावायच्या, "एका ठिपक्यावर घाबरू नका. रेघ कुठे चाललीय ते बघा." हे वाक्य इतक्यांदा ऐकून मुली पाठीमागे त्यांची नक्कल करायच्या. पण दुसऱ्याला शिकवलेलं स्वतःवर आलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते, त्यात सिस्टरही आल्याच.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. आधीचा मालक हौशी, गाडी पळवण्याचा शौकीन. त्याने डॅशबोर्डवर एक गोल काटा वेगळा बसवून घेतला होता, इंजिन ऑइल किती तापलंय ते दाखवणारा. बहुतेक साध्या गाड्यांत तो नसतोच, आणि लोकांचं त्याच्यावाचून काही अडत नाही. सिस्टरना मात्र अख्ख्या गाडीत तोच पहिल्यांदा आवडला. आठवड्याभरात त्यांनी वहीत तक्ता आखला आणि घरी परतल्यावर रोज ठिपका द्यायला सुरुवात केली.

आकडे सेल्सिअसमध्ये आहेत, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण शंभर म्हटलं की ताप, हे हाडात मुरलेलं. शिवाय शंभराला पाणी उकळतं, हेही शाळेपासून ठाऊक. दोन्ही बाजूंनी शंभरच वाईट ठरल्यावर त्यांनी नव्वदलाच लक्ष्मणरेषा आखली. काटा तिथे टेकला की गाडी कडेला, बॉनेट वर, आणि अर्धा तास वाट बघायची. तशी वेळ फारशी येत नसे म्हणा. बाजार, वाचनालय, दातांचा डॉक्टर, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. तक्त्यावरची रेघ साठाच्या आसपास सरळ चालली होती आणि सिस्टर तिच्यावर खूश होत्या. गाडी त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती.

मग ताई न्हाणीघरात घसरून पडली. ताई म्हणजे सिस्टरची थोरली बहीण, दीडशे किलोमीटरवर, घाटाच्या पलीकडे एकटी राहणारी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात आणायचं. घर बसच्या रस्त्यापासून लांब, त्यामुळे घरात गाडी आणि गाडी चालवणारं माणूस, दोन्ही हवं. ताईचा मुलगा परगावी नोकरीला. त्याची रजा रविवारी संपणार होती. त्याने नाइलाजाने एका वृद्धाश्रमात खाट बघून ठेवली, फॉर्मही भरला. मुलगा वाईट नव्हता, त्याचे हात बांधलेले होते. ताईला मात्र त्या खाटेची धास्ती बसली होती. एकदा गेले की मी परत येणार नाही, असं ती सारखं म्हणायची. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, मी येते आणि ती चालायला लागेपर्यंत राहते. मायलेकांचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी सिस्टर निघाल्या. सपाटीवरच काटा नव्वदला टेकला. त्या दोनदा थांबल्या, बॉनेट उघडून बसल्या, पुन्हा निघाल्या. घाटाच्या पहिल्या वळणानंतर काटा शंभर झाला. गाडी घाटात बंद पडली तर काय, या विचाराने त्यांनी ती वळवली. गुरुवारी पुन्हा तेच, त्याच वळणावर, दगडी कठड्याशी.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्याने आवाज न चढवता सांगितलं, "मावशी, रविवारी दुपारी मला निघायलाच हवं. तोवर तू आलीस तर बरंच. नाहीतर आईला तिकडे पोचवून मग जाईन." मागून ताईने फोन मागून घेतला.

"नको येऊस गं," ती म्हणाली. "उगाच गाडीला ताप यायचा."

सिस्टरना ते फार लागलं. हजारो परक्यांची उशी सरळ केली आणि सख्ख्या बहिणीपर्यंत पोचता येत नाही, याची त्यांना लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच त्या दारात हजर. मिस्त्री मोजून-मापून बोलणारा माणूस. त्यांनी गाडी तापते म्हणून सांगितलं आणि पुरावा म्हणून वही पुढे केली. मिस्त्रीने चार वर्षांची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. बॉनेट उघडून त्याने रेडिएटरचं पाणी तपासलं, ते जागेवर होतं. मग ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि आतल्या बाजूने बोट फिरवून सिस्टरसमोर धरलं. बोटावर पिवळट पांढरी साय होती.

"सिस्टर, हिला ताप नाही," तो म्हणाला. "हिच्या अंगात तुम्ही कधी ऊबच येऊ दिली नाही."

मग त्याने समजावलं. इंजिन चाललं की आत थोडी वाफ धरते, तिचं पाणी होतं. ऑइल चांगलं तापलं तरच ते उडून जातं, साठावर नाही, म्हणून ही साय. रेडिएटरच्या पाण्याचा काटा पाच मिनिटांत वर येतो, ऑइलला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे बाजारापर्यंत जाऊन येईतो ते धड जागंही होत नाही. मोकळ्या रस्त्यावर नव्वद ते एकशेदहा ही तब्येत ठणठणीत असल्याची खूण. चढावर एकशेवीसपर्यंत गेलं तरी हरकत नाही, माथा ओलांडल्यावर उतरतं की नाही ते बघायचं. एकशेतीसच्या वर जाऊन उतरेचना, तर थांबायचं. आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर काटा काहीही म्हणो, तिथल्या तिथे इंजिन बंद.

"म्हणजे त्या वळणावर..." सिस्टर म्हणाल्या.

"ठणठणीत होती," मिस्त्री म्हणाला, आणि जुनं ऑइल काढायला गाडीखाली शिरला.

सिस्टर बाकावर वही मांडीवर घेऊन बसल्या. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून ज्याची काळजी घेतली, त्याचीच त्यांनी हेळसांड केली होती. वॉर्डातल्या एखाद्या मुलीने असं केलं असतं, तर तिची काही खैर नव्हती.

नवा फिल्टर यायला शनिवार गेला. रविवारी सकाळी सिस्टर निघाल्या तेव्हा डिकीत ताईसाठी वॉकर होता आणि वही घरी होती. सपाटीवर काटा पंच्याण्णववर जाऊन तिथेच राहिला, आणि त्या थांबल्या नाहीत. घाट सुरू झाला. शंभर. एकशेचार. दगडी कठडा आला तसा हात आपसूक इंडिकेटरकडे गेला. त्यांनी तो मोठ्या कष्टाने परत स्टिअरिंगवर आणला. "रेघ कुठे चाललीय ते बघा," त्या रिकाम्या गाडीत मोठ्याने म्हणाल्या, अगदी वॉर्डातल्या सुरात. एकशेनऊ. माथ्यावर एकशेतेरा, लाल दिवा नाही. उतार लागला आणि काटा निमूटपणे खाली येत सत्त्याण्णववर स्थिरावला. सिस्टर एकट्याच हसल्या, आणि मग उताराची दोन वळणं त्यांना डोळे पुसत काढावी लागली.

पावणेबाराला त्या पोचल्या. दाराशी ताईची बॅग भरून ठेवलेली होती. भाच्याने मावशीला पाहिलं आणि बॅग उचलून आत नेली. ताई पलंगावर उशांच्या तटबंदीत पडून होती. आईला फार दुखतं म्हणून घरी आणल्यापासून पाच दिवसांत आपण तिला जमिनीवर पाय टेकू दिला नाही, असं त्याने मावशीला अभिमानाने सांगितलं. डॉक्टर रोज चालवा म्हणत होते, पण यालाच बघवत नव्हतं.

सिस्टर त्याला रागवणारच होत्या. पण स्वतः गाडीशी चार वर्षं तेच केल्यावर कोणत्या तोंडाने रागवणार? त्यांनी डिकीतून वॉकर आणला आणि एकेक उशी बाजूला केली.

"आत्ता नको गं," ताई म्हणाली. "दमून आलीयस. उद्या बघू."

"आत्ता. पाय खाली सोड."

"दुखतं."

"दुखेल. मी धरलंय."

ताई उठली. पहिल्या पावलाला तिने ओठ चावला, दुसऱ्याला बहिणीचा दंड घट्ट धरला. तिसऱ्याला खिडकीशी पोचून तिने गज धरला. खाली धुळीने माखलेली गाडी उभी होती.

"किती गेला होता काटा?" तिने विचारलं.

"एकशेतेरा."

"आणि तू थांबली नाहीस?"

"नाही."

ताईने खिडकीचा गज सोडला, वॉकर पुढे सरकवला आणि चौथं पाऊल टाकलं.