प्रेमलाचे डोळे की रणजितची लाईन

प्रेमला आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा मला वाटलं, ही बाई आखडू आहे. जिन्यात दोनदा हाक मारली, वळून बघितलं नाही. तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवला तर केवढी दचकली, आणि मग कानाकडे बोट दाखवून अशी हसली की माझंच तोंड एवढंसं झालं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

बिबवेवाडीत तळमजल्यावर तिचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे, मागच्या खोलीत घर. माझी शाळा चौथीत सुटली. ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत दहावी झालेली, म्हणजे आमच्या दोघींत शिकलेली तीच. हातांनी बोलायला मी तिच्याकडून शिकले. माझे हात बोबडे आहेत असं ती अजून म्हणते. हनुवटीवर बोट टेकवलं की ते माझं नाव, कारण तिथे माझं गोंदण आहे. तिचं बोलणं मी खाली शब्दांत लिहिलंय, पण ते सगळं हातांचं, हे वाचणाऱ्यांनी धरून चालावं.

तिचं माहेर खडकीचं. वडील गेनबा दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहायला तिथलेच क्वार्टर. घरात दोघी बहिणी, दोघीही बहिऱ्या. थोरली मुक्ताई. जवळच्या रुळांवरून संध्याकाळची गाडी गेली की फरशी थरथरायची आणि दोघी तळपायांनी ओळखायच्या, आता बाबा येतील.

चाळिशीत मुक्ताईचे डोळे जायला लागले. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी ती भिंतीला हात लावून चालायची. डाव्या बाजूचं भांडं धक्का लागून सांडायचं, खांदा चौकटीवर आपटायचा, आणि आई म्हणायची, धांदरट आहे. मग कडेचं गेलं, शेवटी मधलंही. मग मुक्ताईशी बोलायचं म्हणजे तिचे हात आपल्या हातांवर ठेवायचे आणि तसंच बोलायचं, म्हणजे तिला हातांखाली कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे घराण्यात असतं, धाकटीला येईल की नाही ते सांगता येत नाही. मुक्ताई गेली. ते वाक्य प्रेमलाच्या पोटात राहिलं. आज तिची पन्नाशी उलटली आहे.

तिला एक लेक, ऋतुजा. तिला ऐकू येतं. नागपूरला नर्स आहे. रोज दुपारी डबा खाताना आईला व्हिडिओ कॉल करते. नवरा गेल्यापासून प्रेमलाचा दिवस त्या कॉलभोवती फिरतो. बहिऱ्यांसाठी एक वेगळं अ‍ॅप आहे. आपल्या नेहमीच्या अ‍ॅपांना आवाज आधी पोचवायची घाई असते, चित्र मागून आलं तरी चालतं. या अ‍ॅपात आवाज नाहीच, सगळी ताकद हातांना.

गेल्या दिवाळीनंतर ते हात दिसेनासे झाले. म्हणजे दिसायचे, पण बोटं एकमेकांत मिसळायची, अर्धं वाक्य गळून जायचं. ऋतुजा तिकडे तीन-तीनदा तेच सांगायची आणि इकडे ही मान हलवायची, कळल्यासारखी. मला ते मान हलवणं आवडत नव्हतं.

इंटरनेटची लाईन आमच्याकडे रणजितची. लहानपणी माझ्या अंगणातल्या कैऱ्या पाडायचा, आता आमच्या सगळ्या इमारतींच्या तारा त्याच्या हातात. बोलावलं तर आला, प्रेमलाचा फोन घेतला आणि एक सिरियल लावली.

"दिसतंय का सोच्छ, विचारा त्यांना."

मी विचारलं. ती म्हणाली, दिसतंय.

"मग लाईनीला काय धाड भरलीय? लाईन झकास हाय, आजी. त्यांना म्हणावं डोळे तपासून घ्या. वय झालं."

मी हातांनी भलतंच काहीतरी सांगायला गेले, पण ती जन्मभर लोकांचे ओठ वाचत आली आहे. तिनं ते वाचलं होतं. रणजित गेला. ती मशीनपाशी बसली, साडी सुईखाली घेतली, आणि पाय काही हलवीना.

त्यानंतर ती दिवेलागणीला दुकान बंद करायला लागली. आत जाताना डाव्या चौकटीला बोट लावून जायची. चहा दिला तर कप उचलून उजवीकडे ठेवायची. मी सगळं बघत होते. एकदा म्हटलं, चल डॉक्टरकडे जाऊ.

"नको. त्यांनी सांगितलं की ते खरं होईल."

मी घरी येऊन सुनेला सांगितलं. अस्मिता माझी सून, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा हिला सरासरी लागते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, सिरियल दिसते एवढ्यावरून लाईन चांगली ठरत नाही. सिरियलला पुढे काढत असेल आणि बाकीच्यांना मागे ठेवत असेल."

"लाईनीतही रांग असते?"

"असते. कुणाला मध्ये घुसवायचं नाही असा नियम आहे. सगळ्यांना सारखं. पण घुसवलं तर आपल्याला दिसत नाही."

"रेशनच्या रांगेत निदान दिसायचं तरी. भांडता यायचं."

"म्हणून मोजायचं," ती म्हणाली.

तिची युक्ती मला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळली. ऋतुजानं छोटी-छोटी वाक्यं हातांनी करून पाठवायची. तेच अ‍ॅप, तोच फोन, तीच लाईन. पण काही वाक्यं उघडी यायची, आणि काही जणू पाकिटात बंद होऊन, म्हणजे वाटेतल्याला कळणारच नाही की हे कुठल्या अ‍ॅपचं आहे. प्रेमलानं बघायचं आणि समजलं ते पाटीवर लिहायचं. डोळेच अधू असतील तर दोन्ही सारखीच चुकतील. लाईन लबाडी करत असेल तर पाकिटातली नीट दिसतील.

"मग एकदा बघा आणि मोकळ्या व्हा की."

"एकदानं काही कळत नाही, आई. योगायोगानंही होईल. दुपारी सगळं बिबवेवाडी लाईनवर असतं, सकाळी कुणी नसतं. म्हणून पुष्कळदा करायचं, आणि कधी उघडं, कधी पाकीट, ते आपण नाही ठरवायचं. नाणं ठरवेल."

नाणं शोधायलाच वेळ गेला. भाजीपासून रिक्षापर्यंत सगळं फोनवरून देतात, घरात नाणं कुठलं? शेवटी देव्हाऱ्यातलं घेतलं.

प्रेमला तयार व्हायला दोन दिवस लागले. मी समजावलं, यात तुझे डोळे निर्दोष सुटतील. ती म्हणाली, "नाही सुटले तर?" मी तिची पाटी पुसून दिली.

पहिल्या दिवशी अस्मिता प्रेमलाच्या दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसली, ऋतुजाचं एकेक वाक्य तिथून फोनवर सोडायला. मी दारात बसून नाणं उडवायची आणि आत बोटानं खूण करायची, छापा म्हणजे पाकीट. प्रेमला माझ्यासमोर, फोन आणि पाटी घेऊन. संध्याकाळी अस्मिता उड्या मारायचीच बाकी होती. पाकिटातली जवळजवळ सगळी बरोबर.

प्रेमलानं पाटी खाली ठेवली. "हे धरू नका," ती म्हणाली. "हिचा चेहरा बोलतो. छापा पडला की ही देवाचं नाव घेते. मला कळायचं की आता दिसणार. मग मी जास्त जीव लावून बघायची."

मी अस्मिताला सांगितलं. तिनं दिवसभराचं सगळं पुसून टाकलं. सगळं. उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तशी मी बघत राहिले. प्रेमला गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण तिला समाधान नको होतं, खरं हवं होतं, आणि ते ऐकायला ती कशी घाबरलेली होती ते मला दिसत होतं.

दुसऱ्या वेळी माझीही रवानगी आतल्या खोलीत, अस्मिताजवळ, भिंतीकडे तोंड करून. दार लावलेलं. या वयात कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा, तीही सुनेकडून. मला फक्त पलीकडून पाटीवर पेन्सिलीचा आवाज यायचा. तिला स्वतःला तो ऐकू येत नाही. मी मात्र त्याच्यावर जीव टांगून बसले होते. पेन्सिल कुरकुरली की हायसं वाटायचं. मध्येच लांबलचक शांतता पडायची, आणि त्या शांततेत मला खडकीच्या घरातली मुक्ताई दिसायची, भिंतीला हात लावून येणारी.

असं चाळीस वेळा झालं. मग अस्मितानं पाट्यांचे फोटो जुळवले. उघड्या एकवीस वाक्यांत अठरा चुकली होती. पाकिटातल्या एकोणीसांत फक्त चार.

"लाईन सगळ्यांना सारखं वागवत असती," अस्मिता म्हणाली, "तर केवळ नशिबानं असं पडायला लाख वेळा हा खेळ खेळावा लागला असता. त्यातही चार-पाच वेळाच पडलं असतं. हे नशीब नाही. लाईन तिच्या अ‍ॅपला दाबतेय."

मी प्रेमलाला घाईघाईनं सांगितलं, माझे हात आणखी बोबडे झाले. मला वाटलं ती रडेल, हसेल. ती आकड्यांकडे बघत होती.

"चार?" तिनं विचारलं.

अस्मिता म्हणाली, "चार म्हणजे काही नाही. कुणाचीही चुकतील. ऋतुजानंच एखादं घाईत केलं असेल."

"तू बघ ती चार," प्रेमला मला म्हणाली.

अस्मितानं ती पुन्हा लावली. मी बोबड्या हातांची बाई, चष्मा लावून बसले. चारातली तीन मला कळली. मी खोटं सांगणार होते, पण माझा चेहरा काय करतो हे आता आम्हा तिघींना माहीत होतं.

अस्मिता गडबडली. म्हणाली, आत्ता लाईन बरी असेल, तुम्हाला पुन्हा बघायला मिळालं, ही तुलना धरता येणार नाही. तिचं बरोबरच होतं. पण प्रेमला म्हणाली, "हिच्या गणितात चार म्हणजे काही नाही. माझ्या डोळ्यांत ती चारच आहेत."

रणजितकडे आम्ही सासू-सुना मिळून गेलो. अस्मितानं आकडे पुढे ठेवले. त्यानं ते वाचले, दोनदा वाचले, आणि चपलेकडे बघत म्हणाला, "सिरियलवाल्यांची लई बोंब होती, म्हून त्यांना पुढं घेतलं. बाकीचं व्हिडिओ मागं गेलं असंल. आपलं सेटिंग राहून गेलं."

"आणि तिला डोळे तपासायला सांगितलंस," मी म्हटलं.

"आजी, मी गमतीनं बोललो हो."

"तिला गंमत ऐकू येत नाही, रणजित. तिला नुसते ओठ दिसतात."

तीन-चार दिवसांत कॉल स्वच्छ झाला. ऋतुजाची बोटं अगदी नखांसकट दिसायला लागली. मी पेढे आणले. प्रेमलानं अर्धा खाल्ला आणि उरलेला बशीत ठेवून म्हणाली, "आता दोष द्यायला लाईन नाही. चल."

सदाशिव पेठेत एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, आत कुठेतरी उजेडाचा बारीक ठिपका चमकतो, दिसला की बटण दाबायचं. सुरू करण्याआधी प्रेमलानं मला विचारायला लावलं, ठिपका कुठे येणार ते कोण ठरवतं? डॉक्टर म्हणाले, यंत्रच, कसाही येतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे नाणं." आणि हनुवटी टेकवली.  मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. माझ्या चेहऱ्यावर माझा भरवसा नाही.

मग डोळ्यांत थेंब घातले आणि बाकावर बसवलं. थेंबांनी तिला सगळं धुरकट झालं. मी काही सांगायला हात उचलले तर ती डोळे फाडून बघत राहिली, तिला हात दिसेनात. म्हणून मी तिचे हात घेऊन माझ्या हातांवर ठेवले. तिनं चटका बसल्यासारखे ते काढून घेतले. मला उशिरा कळलं मी काय केलं ते. थोड्या वेळानं तिनंच माझे हात चाचपत शोधले आणि आपले त्यांच्यावर ठेवले. बसलो तशा.

डॉक्टरांनी बोलावलं. म्हणाले, "उजवा डोळा ठीक आहे. डाव्यात कडेचे काही ठिपके सुटलेत. घाबरल्यामुळे सुटले की खरंच दिसले नाहीत, हे एका तपासणीवरून सांगता येणार नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आज ठळक असं काही नाही. पण घराण्यात आहे म्हणता, तर सहा महिन्यांनी पुन्हा करू. दोन्ही ताडून बघू, मग बोलू."

मी ते तिच्या हातांखाली जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही. माझा चेहरा तिला दिसत नव्हता.

"एकदानं काही कळत नाही, असंच ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, असंच.

रस्त्यावर स्कूटरांची ही गर्दी. मी सवयीनं तिच्या उजवीकडून चालले होते. तिनं मला दंडाला धरून मागून वळवून डावीकडे आणलं आणि माझ्या हातात हात अडकवला. 

सहा महिने अजून भरायचे आहेत. ऋतुजाला तिनं डोळ्यांच्या तपासणीचं सांगितलेलं नाही. लाईन सुधारल्यापासून नागपूरहून आईचा चेहराही स्वच्छ दिसतो, म्हणून कॉल आला की प्रेमला खिडकीजवळ अर्ध्या पडद्याआड बसते, हातांवर उजेड पडेल आणि चेहरा अंधारात राहील अशी. ऋतुजा विचारते, आई, तू अशी का बसतेस? प्रेमला म्हणते, ऊन लागतं.

मी तेव्हा तिच्या डावीकडे बसलेली असते, फोनमध्ये दिसणार नाही इतकी लांब. चहाचा कप मीच उचलून तिच्या उजवीकडे ठेवते.