अस्तरावरचा ओला डाग

मास्तर तेहतीस वर्षं कोट शिवत होते. दुकान खाली, बिऱ्हाड वर, मध्ये लाकडी जिना. बायको गेल्यावर थोरली बहीण सोबतीला राहायला आली, ती आपला बोका घेऊनच. करडा रंग, एका कानावर पांढरा ठिपका, म्हणून नाव ठिपक्या. मास्तरांना मांजरांचं ना प्रेम होतं ना वावडं. दोन वर्षं दोघं एकमेकांच्या वाटेला न जाता सुखानं राहिले.

मग एका सकाळी एका वकिलाच्या कोटाचं बेतून ठेवलेलं अस्तर ओलं सापडलं. वासावरून कुणाचं काम ते विचारायची गरज नव्हती. मास्तरांनी बोक्याला मानगुटीला धरून त्याचं नाक त्या डागावर घासलं. शेजारच्या चांभारानं सांगितलेला उपाय होता तो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग इस्त्रीच्या पाण्याची पिचकारी झाली. मग लाकडी पट्टी.

पट्टीनंतर आठवडाभर सगळं शांत होतं. "बघ, सरळ आला की नाही?" मास्तर बहिणीला म्हणाले. पण गठ्ठे हलवताना खालचं कापड पिवळं पडलेलं निघालं. बोका आता ते काम मास्तर जेवायला वर गेले की करत होता.

"डूख धरलाय त्यानं माझ्यावर."

"अरे, मांजर आहे ते," ताई म्हणाली. "सकाळी केलेल्या कामाचा मार दुपारी बसला, तर तो कशाचा हे त्याला कसं कळायचं?"

"सगळं कळतं. तोंड बघ कसं चोरासारखं केलंय."

"चोरासारखं नाही, भ्यालंय ते."

मास्तरांनी खांदे उडवले. बोक्यानं दुकानात यायचंच सोडलं. मास्तरांची जिन्यावर चाहूल लागली की तो पलंगाखाली जाई. मास्तरांना वाटलं, चला, ब्याद टळली.

मग एकदा दोन दिवस तो पलंगाखालून बाहेरच आला नाही. ताईनं हात घालून ओढला तेव्हा असा ओरडला की मास्तर सुई तशीच कापडात टोचून वर धावले. त्याच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या डब्यात ठेवला, तर नुसता कुंथत राहिला. दोनच थेंब पडले, तेही लालसर. ताईचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्याला टोपलीत घालून मास्तरांनीच उचललं आणि दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. पोट चाचपताच त्यांचा चेहरा बदलला. लघवी पूर्ण अडली होती. नळी घालावी लागली. बोक्याला तीन दिवस तिथंच ठेवायचं ठरलं.

"लघवीच्या पिशवीत खडे झालेत," त्या म्हणाल्या. "डब्यात बसलं की आग व्हायची. जनावराला वाटतं, डबाच दुखवतो. म्हणून त्यानं मऊ जागा शोधली."

"मी मारलं त्याला," मास्तर म्हणाले. विचारलं नव्हतं कुणी.

"मग तो एवढंच शिकला असेल, की तुम्ही असताना बसायचं नाही. दुखणं तिथंच राहिलं."

"म्हणजे हे माझ्यामुळं?"

"खडे तुमच्यामुळं नाहीत. धास्तीनं त्रास वाढतो, आणि लपून बसल्यानं आपल्याला कळायला उशीर झाला."

मास्तर बाहेरच्या बाकावर ताईशेजारी टेकले. मग ताईला म्हणाले, "आमचे उस्ताद बोटांवर पट्टी मारायचे. मी सगळ्यांना सांगतो, त्या मारानं मी कारागीर झालो. खरं सांगू? त्या मारानं मी वाकडी शिवण आतल्या बाजूला लपवायला शिकलो. सरळ शिवण शिकवली ती त्यांच्या बायकोनं. शेजारी बसून."



बोका घरी आला. मास्तरांनी कापडाच्या कपाटाला दार बसवून घेतलं. एकाऐवजी दोन डबे ठेवले, एक वर, एक जिन्याखालच्या शांत कोपऱ्यात. खाणं बदललं. महिन्याभरात बोका पुन्हा खाली फिरकू लागला, तरी दुकानात एकही डाग दिसेना. मास्तर दुपारी जमिनीवर बसून काजं करू लागले, बोक्याकडे न बघता. पाचव्या महिन्यात तो हातभर अंतरावर येऊन बसला. त्याच्या पुढे मात्र कधी आला नाही.

एकदा माप द्यायला आलेली शिक्षिका कुरकुरली, "आमच्या मांजरीनं सोफा पार ओरबाडलाय. कितीही मारा, निगरगट्ट झाली आहे. कशानं मारू सांगा."

"घरात तिला ओरबाडायला दुसरं काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"तसं काहीच नाही." मास्तरांनी कोटाच्या आतलं जाड कापड फळीला गुंडाळून घट्ट ठोकून दिलं आणि म्हणाले, "सोफ्याजवळच उभी करा. तिकडं नख लावलं की कौतुक करा. आणि हात आवरा."

ठिपक्या आणखी चार वर्षं जगला. ताईच्या उशाशी झोपायचा. शेवटच्या आजारपणात औषधही तिच्याच हातून घ्यायचा. मास्तर बाटली धरून दाराबाहेर उभे राहायचे.