व्याह्याच्या भिंतीवरचं झाड

माझ्या मुलाचा सासरा अमेरिकेतला. त्याच्या बैठकीच्या भिंतीवर काचेत मढवलेलं एक झाड आहे, पानांच्या जागी नावं. बुंध्याशी जहाजातून आलेला पहिला पुरुष आणि शेंड्याला माझी नात. त्यासाठी व्याह्यानं आयुष्यभर चर्चची दप्तरं आणि कबरी धुंडाळल्या.

मी विचारलं, "ह्या गड्याला जमीन दिली कुणी?"

मुलानं इंग्रजीत विचारून मला सांगितलं, "आबा, ते म्हणतात, तिथले आदिवासी पुढं सरकले."

सरकले. हातातला केक मी परत बशीत ठेवला. माणूस म्हणजे काय खाट आहे? आमचं गाव धरणात गेलं तेव्हा आमच्याबद्दलही कुणी असंच गोड बोललं असेल. अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही चिखल तुडवत जातो आणि आपापल्या घराच्या जोत्यावर नारळ फोडतो. ह्या झाडाखाली कुणाची जोती गाडली गेली, ते मात्र व्याह्यानं कधी शोधलं नाही. स्वतःच्या कबरी बऱ्या सापडल्या.

नातीजवळची रिकामी चौकट दाखवून त्यानं माझं नाव विचारलं.

"नको म्हणावं," मी म्हणालो.

"आबा, मग पोरीच्या वंशात तुम्ही दिसणारच नाही."

त्या बुंध्यावर चढायला माझं नाव काही तयार होईना.

"नाही दिसलो तर नाही. उन्हाळ्यात तिला गावी आण. जोत्यावर उभी करून माझ्या बापापासूनची नावं मीच सांगीन. आणि आम्ही सरकलो नव्हतो, आम्हाला उठवलं होतं, हेही सांगीन."