खोट काढणाऱ्या मिसबाई

मिसबाई आमच्या मिशनच्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि मी बावीसची. त्या सातासमुद्रापलीकडून आलेल्या, मी अमरावतीहून. तरी अकोल्याच्या उन्हाला आधी कंटाळले ती मीच. माझा स्वभाव मुळातच तिखट. मिशनच्या शाळेत मास्तर असलेले माझे वडील म्हणत, ह्या पोरीला नर्स करू नका, रोगी पळून जातील. मिसबाई मात्र इतक्या गोड बोलत, की लेकरं खरंच पळाली. ते कसं, तेच सांगते.

दर मंगळवारी आम्ही दोघी मूर्तिजापूरला जाऊन दर्यापूरकडच्या छोट्या आगगाडीत बसायचो. माझ्या मांडीवर वजनाचा काटा, मिसबाईंच्या पायाशी दुधाच्या पावडरीचा डबा. गाडीतले शेतकरी काटा पाहून मला कापसाचा भाव विचारायचे. कापूस नाही, लेकरं तोलतो, असं सांगितलं की खिडकीबाहेर बघायला लागायचे.

एका खेड्यात कडुलिंबाच्या फांदीला आम्ही काटा टांगायचो, काट्याला झोळी बांधायचो आणि झोळीत लेकरू. पहिल्या मंगळवारी रांग लागली. आईला चार चांगले शब्द ऐकवले की तिला हुरूप येतो, असं मिसबाईंना त्यांच्या देशात शिकवलं होतं. मराठी त्या पुण्याच्या पंडितांकडून आणि बायबलातून शिकल्या होत्या. प्रत्येक लेकरू दोन्ही हातांनी उंच धरून त्या सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "किती गुटगुटीत बालक आहे हे. ह्याचे नेत्र पाहा. ह्याची कांती पाहा."

एकेका आईचा चेहरा उतरत गेला. एकीनं तर लेकरू असं हिसकून घेतलं, की रिकामी झोळी बराच वेळ हेलकावे खात राहिली. पुढच्या मंगळवारी निम्मीच लेकरं आली. चौथ्या मंगळवारी तीन, त्यांतलं एक अशा सासूनं आणलेलं जिला पावडर चहासाठी हवी होती.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, "नाताळपर्यंत बघू. लेकरं आली नाहीत तर काटा परत आणा. मिसबाई ऑपरेशनच्या खोलीत लागतील."

परतीच्या गाडीत मिसबाई रडल्या. "मी बालकांसाठी इतक्या दूर आले, सिस्टर. माझे काय चुकते?"

काय चुकतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझी आई दर रविवारी चर्चला जायची, पण कोणी माझ्या भावाला गोरागोमटा म्हटलं की लगेच म्हणायची, छे, खात नाही काही, पार वाळलाय. पण मी शिकलेली, ख्रिस्ती, टोपीवाली नर्स. नजर हा शब्द माझ्या तोंडून कसा निघणार? शिवाय खरं सांगायचं तर मला मंगळवारी ती धूळ खात फिरायचा कंटाळा आला होता. काटा परत आला असता तर मला बरंच वाटलं असतं. त्या रडत होत्या आणि मी गप्प बसले, ह्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी गावच्या सुईणीनं तोंड उघडलं. त्या मंगळवारी झाडाखाली आमच्याखेरीज तीच एकटी, सुपारी कातरत बसलेली.

"बाई, तुमी लेकराले असं गोड गोड बोलून राहिल्या, मंग बाया काहून येतीन? नजर लागते ना त्याले. म्हना, माकडावानी दिसते. मंग पाहा."

मिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून सगळं समजावून सांगितलं.

आता दुसरीच पंचाईत झाली. देवानं ज्याला सुंदर घडवलं त्याला माकड म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलणं म्हणजे पाप. मिसबाई आठवडाभर विचारात होत्या. मग एका सकाळी प्रार्थनेहून आल्या त्या हसतच. खोटं बोलायचं नाही. खरी खोट शोधायची.

पुढच्या मंगळवारी सुईण आपली नात घेऊन आली. मिसबाईंनी पोरीला उलटीसुलटी करून पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं, "ह्या बालिकेचे कान समान नाहीत."

सुईणीचा चेहरा खुलला. "कोनता मोठा हाय?"

"डावा."

ती तिथून उठली आणि घरोघर सांगत सुटली. महिन्याभरात रांग पारापर्यंत गेली. कोणाचं डोकं किंचित चपटं निघे, कोणाची करंगळी वाकडी. खोट निघाल्याशिवाय कोणी जागचं हलेना. नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीतली एक तरुण आई ठणकावून म्हणाली, "आमी नजरबिजर काई मानत नाई आता." मी म्हटलं, "मीही नाही मानत." वजन झालं तरी ती उभीच. मग हळूच म्हणाली, "पन आमच्याची काय खोट हाय, तेवढं सांगा."

नाताळच्या आदल्या आठवड्यात मोठे डॉक्टर स्वतः बघायला आले. आणि नेमकं त्याच दिवशी झोळीत एक असं लेकरू आलं, ज्याच्यात काही म्हणजे काही खोट नव्हती. मिसबाईंनी बोटं मोजली, टाळू पाहिली, पाठ पाहिली. त्यांना घाम फुटला. आई हलेना, रांग सरकेना, डॉक्टर घड्याळ बघू लागले. मी कानाशी लागून म्हटलं, "सांगा काहीतरी, नाक नकटं आहे म्हणा."

"पण नकटे नाही, सिस्टर."

तेवढ्यात लेकरानं त्यांच्या पांढऱ्या झग्यावर धार सोडली. मिसबाईंचा चेहरा उजळला. "हे बालक," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "परक्या स्त्रीच्या अंगावर मुतते. ही चांगली रीत नव्हे."

सगळी रांग हसत सुटली. आई समाधानानं लेकरू घेऊन गेली. डॉक्टरांनी मला विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, "तपासणी." त्यांनी पुन्हा एकदा रांगेकडे पाहिलं, आणि काटा झाडालाच राहिला.

पाच वर्षांनी मिसबाई रजेवर मायदेशी निघाल्या. मूर्तिजापूरच्या फलाटावर गावच्या बाया लेकरांना घेऊन आल्या होत्या. दवाखान्यातर्फे मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी कागद उलगडला, "प्रेमळ, सेवाभावी..." एवढं वाचलं, तोच सुईणीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"पोरी, बाई समुद्रावरून जाऊन राहिली. आज नको वाचू."

मग ती मिसबाईंपुढं उभी राहिली. "काई कामाची नाई ही बाई. पाच वर्सं झाली, भाकर थापता येत नाई. रंग पाहा, पिठात पडल्यावानी." आणि त्यांच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. मागून प्रत्येक बाई त्यांची एकेक खोट सांगत गेली. मिसबाई मान खाली घालून ऐकत होत्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांना सगळं कळत होतं.

गाडीनं शिट्टी दिली. मला त्यांना सांगायचं होतं, की तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. मी म्हटलं, "मिसबाई, तुमचं नाक फार लांब आहे."

वर्षभरानं त्या सुखरूप परत आल्या. मी ट्रंकेतून मानपत्र काढलं. म्हटलं, आता तरी ऐका. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि ट्रंकेत परत ठेवला.

"नको, सिस्टर," त्या म्हणाल्या, "मला इथे अजून पुष्कळ वर्षे राहायचे आहे."